वसईचे गोन्सालो आणि नागासाकीचे लपलेले ख्रिस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी जवळ आला की वसईत, जपानमध्ये हुतात्मा झालेल्या संत गोन्सालो गार्सियांच्या सणाची लगबग सुरू होते आणि मला फोन येऊ लागतात. एकदा जपानला जाऊन आलो, त्यावर धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) दोन-तीनदा बोललो, एवढीच माझी पात्रता. पण प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. काही प्रश्न सणाच्या पंगतीत आलेत, काही व्हॉट्सअॅपवर, आणि एक असा की विचारणारीने आधी दार लोटून घेतलं.

गोन्सालो गार्सिया खरंच आपले का? वडील तर पोर्तुगीज होते ना?

वडील पोर्तुगीज, आई इथली, जन्म वसईत १५५६-५७ च्या सुमारास. मला तरी एवढं पुरतं. जेझुइट संघाच्या धर्मगुरूंच्या हाताखाली शिकले आणि मिसरूड फुटायच्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथे भाषा अशी आत्मसात केली की पुढे तीच त्यांच्या कामी आली आणि तीच त्यांना नागासाकीच्या टेकडीवर घेऊन गेली. मधली काही वर्षं त्यांनी व्यापार केला. मग मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले, म्हणजे धर्मगुरूची दीक्षा न घेतलेले संघाचे सदस्य. लोक त्यांना फादर म्हणतात, पण ते शेवटपर्यंत ब्रदरच होते. पेद्रो बाप्तिस्ता हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू १५९३ मध्ये जपानला गेले तेव्हा राज्यकर्त्यांशी बोलायला दुभाषी लागणार होता, म्हणून गोन्सालो पुन्हा तिकडे गेले. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केलं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. गास गावातलं चर्च त्यांच्याच नावाचं आहे.

त्यांना मारलं तरी का?

थोडं मागे जावं लागेल. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरले, तेव्हा त्यांच्याबरोबर अंजिरो नावाचा एक जपानी होता. त्याचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, आदल्याच वर्षी गोव्यात झाला होता. म्हणजे जपानचा रस्ता गोव्यातूनच गेला. पुढच्या चाळीस वर्षांत, विशेषतः क्यूशू बेटावर, ख्रिस्ती धर्म झपाट्याने पसरला. काही सरदारही ख्रिस्ती झाले. त्यातल्या काहींच्या मनात श्रद्धा होती, काहींच्या मनात पोर्तुगीज जहाजांवरचा माल. दोन्ही एकाच मनात असणंही शक्य आहे.

तोयोतोमी हिदेयोशी हा तेव्हा देशाचा सर्वेसर्वा. त्याने १५८७ मध्ये मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला, पण व्यापार हवा होता म्हणून अंमलबजावणीत कानाडोळा केला. १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं. माल जप्त होऊ लागला तेव्हा त्यावरच्या सुकाणूवाल्याने म्हणे बढाई मारली, की आमचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो आणि मागून सैन्य. तो नेमकं काय बोलला यावर इतिहासकार अजून भांडतात. हिदेयोशीला निमित्त मिळालं.

क्योतो आणि ओसाकात २४ जणांना धरलं. प्रत्येकाच्या डाव्या कानाची पाळी कापली आणि ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत महिनाभर गावोगावी धिंड काढली. वाटेत त्यांची सोबत करणारे दोघे त्यांच्यातच धरले गेले आणि आकडा २६ झाला. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारलं. २० जपानी, ४ स्पॅनिश, १ मेक्सिकोचा, १ वसईचा. सर्वांत लहान लुई इबाराकी, वय १२. चौदा वर्षांच्या थॉमस कोझाकीने वाटेत आईला पत्र लिहिलं होतं. बाप त्याच्या शेजारच्या रांगेत चालत होता.

हे २६ जण मेले. बाकीच्यांचं काय झालं?

खरा विषय हाच, आणि हाच प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. आपण संतांच्या मूर्ती करतो, त्यांची मिरवणूक काढतो आणि घरी येतो. जे मेले नाहीत त्यांची मिरवणूक निघत नाही.

१६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. तेव्हा ख्रिस्ती लोकांची संख्या तीन लाखांच्या घरात होती असं मानलं जातं. चर्चं पाडली, धर्मगुरूंना मकाव आणि मनिलाला हाकललं. जे लपून राहिले त्यांना एकेक करून पकडलं. १६२२ मध्ये नागासाकीत एका दिवसात ५५ जणांना मारलं. पुढे सरकारच्या लक्षात आलं की हुतात्मे केले की श्रद्धा वाढते, धर्म सोडायला लावला की मोडते. मग छळाची पद्धत बदलली. उनझेनच्या उकळत्या झऱ्यांचं पाणी अंगावर ओतायचं. खड्ड्यात उलटं टांगायचं, आणि रक्त डोक्यात साठून माणूस लवकर मरू नये म्हणून कानामागे बारीक चीर द्यायची. १६४४ मध्ये शेवटचे धर्मगुरू गेले. त्यानंतर त्या देशात मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) नाही, पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) नाही, बिशप नाही. हे दोनशेहून जास्त वर्षं चाललं.

फुमि-ए म्हणजे काय?

शब्दशः, तुडवायचं चित्र. येशूची किंवा मरियामातेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि एकेकाने येऊन तिच्यावर पाय द्यायचा. जो कचरेल तो ख्रिस्ती. नागासाकीत हे १६२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं आणि १८५० च्या दशकात थांबलं. नव्या वर्षाच्या सुरुवातीला घरोघर फिरून, वहीत नाव लिहून करायचं काम होतं. म्हातारी माणसंही सुटत नसत आणि तान्ह्या बाळाचा पायही टेकवून घेत.

आधी कागदाची चित्रं वापरली, ती फाटत. मग लाकडी पाटांत बसवलेल्या मूर्ती आल्या. त्या झिजल्या म्हणून १६६९ मध्ये पितळेच्या वीस पाट्या ओतून घेतल्या. त्यांतल्या काही मी टोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या काचेमागे पाहिल्या. क्रुसाच्या टोकांना, कडांना घडण अजून शाबूत आहे. मधे, जिथे चेहरा असायला हवा, तिथे नाक-डोळे काही नाही. देवळाच्या पायरीवर जसा खोलगटपणा येतो तसा गुळगुळीत उतार. मी बराच वेळ वाकून बघत होतो, तेव्हा पहारेकरी येऊन काचेला हात लावू नका म्हणून खुणावून गेला.

ज्यांनी प्रतिमेवर पाय ठेवला त्यांना श्रद्धावंत कसं म्हणायचं? त्यांनी तर धर्म नाकारला.

हा प्रश्न जरा चढ्या आवाजातच विचारला जातो, आणि माझं मत मी लपवत नाही.

नागासाकीजवळच्या उराकामी गावात दरवर्षी फुमि-ए व्हायचं. म्हणजे तिथे जे घर टिकलं, त्या घरातल्या प्रत्येकाने दरवर्षी पाय ठेवलेला होता. आणि १८६५ मध्ये चर्चच्या दारात जाऊन 'आम्ही तुमचेच' म्हणणारे लोक (ती गोष्ट पुढे येतेच) त्याच गावचे, त्याच घरांतले. पाय ठेवणाऱ्यांनी बाळांना पाणी दिलं नसतं, म्हणजे स्नानसंस्कार केला नसता, प्रार्थना शिकवल्या नसत्या, तर त्या दारात कोणी आलंच नसतं.

त्या लोकांनी स्वतःला मोकळं सोडलं होतं असंही नाही. धर्मगुरू गेले तेव्हा मागे एक प्रार्थना ठेवून गेले होते, कोन्चिरिसान. पोर्तुगीजमधला 'कोन्त्रिसाँव', म्हणजे पश्चात्ताप, हाच तो शब्द. पापनिवेदन ऐकायला धर्मगुरू नसेल तर मनापासून पश्चात्ताप करा, देव क्षमा करतो, असा तिचा आशय. काही ठिकाणी फुमि-ए करून घरी आल्यावर लोक ही प्रार्थना म्हणायचे. वर्षातून एकदा पाय, आणि त्याच रात्री घरातला दिवा बारीक करून ही प्रार्थना.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर मी गोष्ट गोड करतोय असं वाटेल. १५८२ मध्ये चार जपानी मुलं गोव्यामार्गे रोमला गेली होती, थेट पोपपर्यंत. चौघेही पुढे जेझुइट संघात शिरले. त्यातले ज्युलियन नाकाउरा १६३३ मध्ये त्या खड्ड्यात टांगून मेले. २००८ मध्ये त्यांना धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. मिगुएल चिजिवा यांनी त्याआधीच संघ सोडला होता. आणि नाकाउरांबरोबर त्याच वेळी टांगलेले जेझुइटांचे प्रमुख, क्रिस्तोव्हाँ फेरेरा, पाच तासांत मोडले. पुढे त्यांनी जपानी नाव घेतलं आणि सरकारच्या पदरी राहिले. एवढे शिकलेले धर्मगुरू पाच तासांत मोडले, आणि नाव-गाव माहीत नसलेल्या शेतकऱ्यांची साखळी सात पिढ्या तुटली नाही. फेरेरांना मी नावं ठेवत नाही. पाच तास फार असतात. मला पाच मिनिटं जमली नसती.

धर्मगुरूंशिवाय एवढी वर्षं चाललं कसं?

कामं वाटून. उराकामीत एक चोकाता असायचा, त्याच्याकडे दिनदर्शिका. कोणता दिवस उपवासाचा, कोणता सणाचा, कधी शेतात काम करायचं नाही, हे तो सांगायचा. मिझुकाता पाणी द्यायचा, म्हणजे स्नानसंस्कार. आणि किकिकाता घरोघर जाऊन निरोप पोचवायचा. आपल्याकडे धर्मग्रामाची समिती असते तसंच म्हणा, फक्त इतिवृत्त लिहायची सोय नव्हती. कागद सापडला तर गळा जायचा.

प्रार्थनांना ते ओराशो म्हणत, लॅटिनमधल्या 'ओरात्सियो'वरून. लॅटिन, पोर्तुगीज आणि जपानी यांची मिसळ, बापाने मुलाला तोंडी शिकवलेली. अर्थ विसरला गेला, शब्द झिजले, तरी म्हणणं थांबलं नाही. आता गंमत बघा. ते स्वतःला किरिशितान म्हणायचे, आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात किरिस्ताव. त्यांचा बातेरेन तो आपला पाद्री, त्यांचा कुरुसु तो आपला क्रूस, आणि त्यांचा नाताला तो आपला नाताळ. सगळे एकाच पोर्तुगीज पेटीतून निघालेले शब्द. जपानी मार्गदर्शक बाई मला 'नाताला' समजावून सांगायला लागल्या तेव्हा मला हसू आवरेना. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

मूर्तीचं काय? चीनमधून पांढऱ्या चिनी मातीच्या कान्नोनच्या मूर्ती यायच्या. कान्नोन ही करुणेची बौद्ध देवता. तिच्या मांडीवर कधी मूलही असतं. शिपाई घरात शिरला तर त्याला कान्नोन दिसायची, घरातल्यांना सांता मारिया. इकित्सुकी बेटावर चित्रांच्या गुंडाळ्या सामानाच्या खोलीत लपवलेल्या असायच्या, म्हणून त्यांना 'कोठीतले देव' असंच नाव पडलं.

मयताला मात्र गाठ पडायची. कायद्याने प्रत्येक घर एका बौद्ध मंदिराच्या नोंदवहीत असायचं, आणि तिथल्या भिक्षूने मंत्र म्हटल्याशिवाय प्रेत हलवता यायचं नाही. मग भिक्षू एका खोलीत मंत्र म्हणायचा आणि शेजारच्या खोलीत कोणीतरी त्या मंत्रांचा परिणाम उतरवणारी प्रार्थना पुटपुटायचा.

शेजाऱ्यांना कळत नव्हतं?

कळत असणार. पाच घरांचा एक गट असायचा आणि एकाने गुन्हा केला तर पाचही घरं भरडायची. शिवाय धर्मगुरूचा ठावठिकाणा सांगणाऱ्याला चांदीच्या नाण्यांचं बक्षीस, चौकाचौकात पाटी लावलेली. तरीही कित्येक गावं तगली, कारण गावच्या गाव त्यात होतं. १८०५ मध्ये अमाकुसा बेटांवर पाच हजारांहून जास्त लोक सापडले. एवढ्यांना मारलं तर शेती कोण करणार? अधिकाऱ्यांनी 'हे काहीतरी वेगळ्याच समजुती पाळणारे अडाणी लोक आहेत' असा शेरा मारून, माफी लिहून घेऊन सोडून दिलं.

त्यांनी शस्त्रं उचलली होती ना? शिमाबाराचं बंड?

हो, १६३७-३८ मध्ये. जबर कर, उपासमार आणि धर्माचा छळ, सगळं एकत्र पेटलं. पुढारी अमाकुसा शिरो, वय सोळाच्या आसपास. हारा किल्ल्यात सुमारे ३७,००० माणसं कोंडली गेली आणि जवळजवळ सगळी मारली गेली. त्यानंतर पोर्तुगीज जहाजांना बंदी झाली आणि जपानने दारं लावून घेतली.

१८६५ मध्ये काय झालं?

परदेशी व्यापाऱ्यांसाठी नागासाकी उघडलं होतं. फ्रेंच धर्मगुरूंनी तिथे ओउरा इथे चर्च बांधलं, त्या २६ हुतात्म्यांना अर्पण केलेलं. म्हणजे आपल्या गोन्सालोंनाही. १७ मार्च १८६५ च्या दुपारी उराकामीहून दहा-पंधरा माणसं आली. इमारत बघायला आल्यासारखी. फादर पेतिजाँ वेदीसमोर प्रार्थना करत होते. यूरी नावाची एक बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली की आमचं सगळ्यांचं हृदय तुमच्यासारखंच आहे. मग विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे?

पुढच्या भेटींत त्यांनी फादरांचीच परीक्षा घेतली. रोममध्ये तुमचे प्रमुख आहेत का? तुम्ही लग्न केलंय का? मरियामातेला मानणारे, पोपला मानणारे आणि अविवाहित, या खुणा आजी-आजोबांनी सांगून ठेवल्या होत्या. सोतोमे भागात तर बास्तियान नावाच्या जुन्या धर्मशिक्षकाचं भाकीत चालत आलं होतं, सात पिढ्यांनंतर मोठ्या काळ्या जहाजातून पापनिवेदन ऐकणारे येतील असं.

मला स्वतःला भिडते ती वेगळीच गोष्ट. त्यांनी फादरांना सांगितलं की सध्या आमचा दुःखाचा काळ चालू आहे. त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १ मार्चला होता. म्हणजे उपवासकाळ चालूच होता. दोनशे वर्षं ना धर्मगुरू, ना छापील पंचांग, आणि दिवस चुकला नव्हता.

मग सुटले बिचारे?

नाही हो. तिथूनच हाल सुरू झाले. बंदी अजून उठलेली नव्हती. १८६७ मध्ये उराकामीच्या लोकांनी मयताला भिक्षू बोलवायला उघड नकार दिला आणि ६८ जणांना पकडलं. लगेच राजवट बदलली, मेइजी सम्राटाचं सरकार आलं, पण छळ वाढलाच. सुमारे ३,४०० लोकांना, म्हणजे जवळजवळ अख्ख्या गावाला, पश्चिम जपानभर हद्दपार केलं. ६०० हून जास्त परतले नाहीत. त्सुवानोत लोकांना गोठलेल्या तळ्यात उतरवायचे, तीन फुटी पिंजऱ्यात उघड्यावर ठेवायचे.

गोतो द्वीपसमूहातल्या हिसाका बेटावर १८६८ मध्ये सुमारे २०० माणसांना वीस चौरस मीटरच्या एका खोपटात आठ महिने कोंडलं. बारा चटयांची जागा. आपल्याकडच्या वन रूम किचनची बाहेरची खोली डोळ्यांसमोर आणा आणि तिच्यात दोनशे माणसं उभी करा. लहान मुलं गर्दीत उचलली जायची, पाय जमिनीला टेकत नसत. ४२ जण दगावले.

परदेशांतून टीका होऊ लागली आणि फेब्रुवारी १८७३ मध्ये चौकातल्या बंदीच्या पाट्या उतरल्या.

आणि पोर्तुगीजांनी गोव्यात काय केलं, ते का सांगत नाही?

सांगतो. जपानमध्ये ख्रिस्ती घरांत दिवे बारीक होत होते, त्याच काळात गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मचौकशीचं न्यायालय, चालू होतं, १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं वगळता. तिथे देवळं पाडली गेली होती, हिंदूंना आपले विधी उघड करता येत नव्हते, आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्या घरात जुनी चालरीत सापडली तर चौकशी व्हायची. कित्येकांनी आपले देव रातोरात नदीपलीकडे नेले. मंगेशीचं देऊळ कुठ्ठाळीहून प्रियोळला आलं ते असंच. ज्या गोव्यातून अंजिरो ख्रिस्ती होऊन गेला, तिथेच हे घडलं. मला उराकामीच्या बाईबद्दल बोलायचं असेल, तर रात्री डोक्यावर देव घेऊन झुआरी ओलांडणाऱ्यांबद्दल गप्प बसून चालणार नाही. हे सांगितलं की आमच्याच काही मंडळींच्या भुवया चढतात. चढू देत.

बंदी उठल्यावर सगळे चर्चमध्ये परतले का?

नाही. बरेच परतले, काही नाही. 'आमच्या आजोबांनी शिकवलेलं तेच खरं, तुमची प्रार्थना वेगळीच वाटते' असं म्हणून ते आपल्या जुन्या पद्धतीनेच राहिले. जपानी अभ्यासक बंदीच्या काळातल्यांना सेन्पुकु किरिशितान म्हणतात आणि न परतलेल्यांना काकुरे किरिशितान. इकित्सुकीवर ओराशो म्हणणारी मोजकी म्हातारी माणसं अजून आहेत. चर्चला ते चुकलेले वाटले, त्यांना चर्च उपरं वाटलं. त्यांना बेइमान म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मी लग्न होऊन दुसऱ्या घरात आलेय. घरी चालत नाही म्हणून चोरून प्रार्थना करते. हे ढोंग आहे का?

दार लोटून घेऊन विचारलेला प्रश्न हाच. मी धर्मगुरू नाही, त्यामुळे आधी आपल्या फादरांशी किंवा सिस्टरांशी बोला असंच सांगितलं. मग उराकामीबद्दल बोललो. ते लोक लपले, आणि मग एक दिवस मयताच्या दारात त्यांनी लपणं सोडलं. दोन्ही वेळा तीच माणसं होती. कधी लपायचं आणि कधी उभं राहायचं हे बाहेरच्या कोणी त्यांना सांगितलं नाही, आणि सांगायला कोणी नव्हतंही. मी तुम्हाला 'उद्याच घरात सांगून टाका' म्हणणार नाही. तुमच्या घरात मार बसतो की नुसते टोमणे, हे मला कुठे माहीत? मार बसत असेल तर तो प्रश्न श्रद्धेचा नाही, पोलिसांचा आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "टोमणेच आहेत." मग जपमाळ नाही म्हणून खंत करू लागल्या. मी म्हटलं, दहा बोटं आहेत ना.

अणुबॉम्ब पडला तो याच उराकामीवर?

हो. हद्दपारीतून परतलेल्यांनी पै-पै जमवून, ज्या मुखियाच्या वाड्यात त्यांच्याकडून फुमि-ए करून घ्यायचे तीच जागा विकत घेतली आणि तिथे चर्च बांधलं. १८९५ ला काम सुरू, १९१४ ला पूर्ण. ९ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ११:०२ वाजता बॉम्ब फुटला तो तिथून साधारण अर्ध्या किलोमीटरवर. धर्मग्रामातल्या १२,००० पैकी सुमारे ८,५०० माणसं गेली. ढिगाऱ्यातून एक घंटा शाबूत निघाली. चर्च १९५९ मध्ये पुन्हा उभं राहिलं.

नागासाकीला जायचं असेल तर काय बघावं?

निशिझाका टेकडी रेल्वे स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. चढ आहे, पण आपल्या जीवदानीसारखा नाही. तिथे २६ जणांचं कांस्यशिल्प आहे, १९६२ मध्ये बसवलेलं, आणि मागे संग्रहालय. पोप फ्रान्सिस २०१९ मध्ये तिथे आले होते. ओउराच्या जुन्या चर्चला तिकीट लागतं आणि आत फोटो काढू देत नाहीत. रोजची मिस्सा तिथे होत नाही, शेजारच्या नव्या चर्चमध्ये होते, तेव्हा वेळ आधी विचारून ठेवा. ओउराचं जुनं चर्च आणि इतर मिळून बारा ठिकाणं २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. गोतोच्या बेटांवरची छोटी चर्चं बघायची असतील तर आधी कळवावं लागतं, कारण ती चालती धर्मग्रामं आहेत आणि किल्ली कोणा ना कोणा आजीकडे असते. फेब्रुवारीत गेलात तर जाड स्वेटर न्या. ते २६ जण याच दिवसांत चालत आले होते, हे दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप आठवतं.